पाण्याचा रंग बदलला की

आरशाची टोपी नुसत्या नखाने निघते
हे मला चाळिशीत कळलं.
आतल्या तीन खुंट्या, एक हलका झटका,
आणि अख्ख्या गाडीतला तळहाताएवढा तुकडा
माझ्या मांडीवर.

फाटकाच्या कडीला मीच घासली होती.
आप्पांना सांगितलेलं नाही.
आप्पा म्हणजे तोताराम भिरूड,
साखर कारखान्याचे निवृत्त टाइमकीपर.
"बावीस वर्षं झाली, एक ओरखडा नाही,"
हे ते आल्यागेल्याला चहाच्या आधी देतात.

फैजपूरचा मे महिना.
पहिला हात मारला अकरा वाजता, अंगणात.
डब्यातून निघताना रंग ओला होता,
टोपीवर पोचेपर्यंत त्याचं पीठ झालं.
दुसरा हात मोरीत, फरशीवर पाणी शिंपडून.
जरा जास्त दाबलं,
तर एक ओघळ निघाला सावकाश
आणि काठाशी येऊन तसाच वाळला.
तिसऱ्यात कूलरच्या गवताचं कुसळ.
चौथ्यात बारीक गोल खळगे, माशाच्या डोळ्यांसारखे,
कारण सकाळी वेणी घातली होती,
तेल बोटाला, बोट टोपीला.

फिरके हार्डवेअरवाला टोपी उजेडात फिरवून म्हणाला,
"ताई, दोन दिवस वाळू द्या.
मग दोन हजार नंबरचा कागद, साबणाचं पाणी,
आणि कागदाच्या आत पोराचं खोडरबर धरा,
बोटांनी घासाल तर बोटांचे चर पडतील.
पाणी दुधाळ निघतंय तोवर बिनधास्त.
पाण्याचा रंग बदलला की थांबायचं."

मी थांबले नाही.

ओघळ गेला, कुसळ गेलं,
हाताला मजा यायला लागली होती.
बाहेरून सावद्याकडे केळीचा ट्रक गेला,
खिडकीची काच थरथरली,
आणि बादलीत पाहिलं तर पाणी रुपेरी.
मग राखाडी.
मग, मला वाटलं डोळ्यांचा भास,
पुन्हा रुपेरी,
पण हा रुपेरी वेगळा, थोडा काळसर,
आणि त्याच्या खाली
गुलाबी लांबी, रुपयाएवढी,
कडेने इतकी अलगद उतरवलेली
की नख फिरवलं तरी अडकेना.

टोपी उलटी केली.
आत, जिथे कोणी बघत नाही,
मघाशी डाग समजून सोडलं होतं तिथे
वाळलेल्या रंगात अर्धा अंगठा.
माझ्यापेक्षा रुंद.

मला ती दुपार आठवली.
बारावीचा निकाल लागायचा होता,
आणि आप्पा तीन तास मोरीत कडी लावून.
"नळ फुटलाय," म्हणाले.
आई दाराशी नाक घेऊन उभी,
"वास कशाचा येऊ राह्यला?"
"ढेकणांचं औषध."
त्या भाबड्या बाईने संध्याकाळपर्यंत
घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या,
एक ढेकूण सापडला नाही
म्हणून औषधाचं कौतुक केलं.

टोपी हातात घेऊन मी बसून राहिले.
हसू आलं, ते तोंडावर ओला हात ठेवून दाबलं,
साबण तोंडात गेला.

ओट्यावरून आवाज आला.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदूला अजून आठवडा व्हायचाय.
"काय करू राह्यली वं मोरीत, इतका वेळ?"

"ढेकणांचं औषध मारू राह्यली, आप्पा."

बराच वेळ काही नाही.
अडकित्ता एकदा वाजला.
मग पुन्हा नाही.

"उन्हात नको मारू," ते म्हणाले,
रस्त्याकडेच तोंड ठेवून.
"डबा रातभर माठाजवळ ठेव.
पहाटे पाचला वारा नसतो.
आणि एकदम जाड हात नाही द्यायचा,
आधी नुसतं धुकं."

रात्री गजर लावला.
पाचला उठले, अंधारात चाचपडत मोरीत गेले,
तर पायाला गार लागलं.
फरशीवर कुणीतरी आधीच
पाणी शिंपडून ठेवलं होतं.